अनोळखी आकड्याचा माग : डेटाबेसमधील फंक्शन, ऑपरेटिंग सिस्टीम आणि त्यांच्यामध्ये हरवणारे कारण

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे गाव बालाघाटाच्या पठारावर, मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले असून भालचंद्र गणपतीच्या प्राचीन देवस्थानामुळे ते जिल्ह्याबाहेरही परिचित आहे; महसुली व्यवस्थेत मात्र त्याची ओळख एका महसूल मंडळाचे गाव अशी आहे. जमिनीच्या मालकीत वारसाने, खरेदीने किंवा वाटपाने बदल झाला, की तलाठी तो फेरफार म्हणून नोंदवतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच तो सातबाराच्या उताऱ्यावर उतरतो. ही सारी वाटचाल पूर्वी कागदावर होत असे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला आणि राज्यातील सुमारे अडीच कोटी उताऱ्यांचा भार चावडीतल्या कपाटावरून डेटाबेसच्या सर्व्हरवर गेला. उतारा मिळाला नाही तर शेतकऱ्याला पूर्वी अडचण डोळ्यांनी दिसत असे : दप्तर बांधलेले आहे, पान फाटले आहे किंवा तलाठी गावात नाही. आता त्याच्या कानावर बहुधा ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढे एकच वाक्य पडते, आणि त्या वाक्यात पूर्णपणे भिन्न अशी वीस-पंचवीस कारणे एकाच रंगाने पुसली गेलेली असतात.

प्रस्तुत विवेचन त्या पुसल्या गेलेल्या कारणांविषयी आहे. त्याचा नेमका विषय अरुंद वाटेल : डेटाबेसमधले एखादे फंक्शन चालू असताना खालच्या ऑपरेटिंग सिस्टीमकडून आलेली त्रुटी डेटाबेसला ओळखता आली नाही, तर तिचा माग कसा काढावा. हा विषय केवळ प्रोग्रामरांचा मानला जातो. परंतु ज्या समाजाने आपली जमीन, पीक विमा, रेशन आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी डेटाबेसवर सोपवल्या, त्याला तो आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. येथील तांत्रिक उदाहरणे कोणत्याही एका कार्यालयाच्या यंत्रणेबद्दल नाहीत. ती मुख्यतः पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसवरून घेतली आहेत, कारण त्याचा मूळ कोड सर्वांना वाचण्यासाठी खुला आहे आणि त्रुटी नेमकी कोणत्या ओळीवर आपले नाव गमावते हे त्यात बोट ठेवून दाखवता येते.

डेटाबेस म्हणजे नोंदींचा असा साठा, की ज्यात एकाच वेळी अनेकांनी लिहिले-वाचले तरी नोंदींचा परस्परमेळ बिघडत नाही. फंक्शन म्हणजे त्या साठ्याच्या आतच साठवून ठेवलेली कामाची कृती, जिला नाव असते आणि नाव घेऊन हाक मारली की ती ठरलेली पावले टाकते, उदाहरणार्थ एका गावाच्या सर्व गटांची यादी तयार करून ती फाइलमध्ये उतरवणे. डेटाबेस स्वतः डिस्कला हात लावत नाही. फाइल उघडणे, वाचणे, लिहिणे, बंद करणे ही प्रत्येक गोष्ट तो ऑपरेटिंग सिस्टीमला करायला सांगतो. काम झाले नाही तर ऑपरेटिंग सिस्टीम शब्दांत उत्तर देत नाही, एक आकडा ठेवते. हा आकडा साऱ्या शोधाचा गाभा आहे आणि त्याचे आयुष्य फार थोडे असते, कारण तो एकाच ठरलेल्या जागी ठेवला जातो व त्यानंतर मारलेली दुसरी एखादी हाक फसली तर त्याच जागी नवा आकडा येऊन बसतो.

डेटाबेस हे परदेशातून आलेले अगम्य यंत्र आहे, असे मानणाऱ्या वाचकाने गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, आठवून पाहावी. कोणताही बदल प्रथम फेरफार नोंदवहीत लिहायचा आणि मगच सातबारावर न्यायचा, हा महसुली दप्तराचा जुना नियम. कागदाच्या काळात तर सातबारावर तो आधी पेन्सिलीने दाखवला जाई आणि प्रमाणित झाल्यावर शाईने पक्का केला जाई. पोस्टग्रेससारखा डेटाबेस नेमके हेच करतो. प्रत्येक बदल तो आधी एका क्रमवार लॉगमध्ये लिहितो, तो लॉग डिस्कवर पक्का झाल्याची खात्री करतो, तेव्हाच व्यवहार पूर्ण झाल्याचे सांगतो आणि मूळ तक्त्याची पाने नंतर सवडीने डिस्कवर नेतो. मध्येच वीज गेली तर यंत्र पुन्हा सुरू होताना लॉग वाचून राहिलेले बदल पुन्हा केले जातात, जसा सातबाराचे पान खराब झाल्यास फेरफारावरून तो पुन्हा जुळवता येतो. दोन्ही व्यवस्थांचा विश्वास एकाच गृहीतकावर उभा आहे : आधीच्या नोंदवहीत लिहिलेले खरोखर लिहिले गेले आहे. हे गृहीतक जेथे फसते, तेथेच ऑपरेटिंग सिस्टीमच्या त्रुटीला खरे महत्त्व येते.

त्रुटी ‘अनोळखी’ होते म्हणजे काय, हे समजण्यासाठी आकड्यांच्या दोन वेगळ्या बोली लक्षात घ्याव्या लागतात. लिनक्स आणि त्याच्या कुळातील यंत्रणांची एक यादी आहे, विंडोजची दुसरी, आणि दोहोंत काही आकडे योगायोगाने जुळतात तर बरेचसे फसवतात. २ या आकड्याचा अर्थ दोन्हीकडे ‘फाइल सापडली नाही’ असाच आहे. ५ मात्र लिनक्सवर वाचण्या-लिहिण्यातील बिघाड दाखवतो, म्हणजे बहुधा डिस्क मरणपंथाला लागल्याची सूचना, आणि विंडोजवर तोच आकडा ‘परवानगी नाही’ असे म्हणतो. २८ लिनक्सवर डिस्कमधील जागा संपल्याचा आहे. विंडोजच्या यादीत २८ म्हणजे प्रिंटरमधला कागद संपला. त्यामुळे आकडा कोणत्या यंत्रणेवर उमटला हे न विचारता त्याचा अर्थ लावणे म्हणजे गाव न विचारता गट नंबर शोधणे होय.

पोस्टग्रेसचा जन्म युनिक्सच्या, म्हणजे लिनक्सच्याच कुळातील यंत्रणेच्या, घरात झाला असल्याने त्याचा आतला सारा कारभार पहिल्या बोलीत चालतो. विंडोजवर तो चालवायचा, तर विंडोजचा प्रत्येक आकडा युनिक्सच्या आकड्यात बदलून घ्यावा लागतो आणि त्यासाठी त्याच्या कोडमध्ये एक छोटे कोष्टक आहे. विंडोजचे त्रुटी-क्रमांक हजारोंनी आहेत, कोष्टकात मोजकेच. कोष्टकात न सापडणारा आकडा आला, की पोस्टग्रेस सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या क्रमवार लॉगहून वेगळ्या असलेल्या संदेशांच्या नोंदीत, ‘अनोळखी विन-३२ त्रुटी क्रमांक’ असे लिहून मूळ आकडा नोंदवतो आणि पुढच्या स्तराला मात्र २२ हा आकडा देतो, ज्याचा अर्थ ‘अवैध आर्ग्युमेंट’, म्हणजे फंक्शनला दिलेली किंमत चुकीची आहे. खरी अडचण येथून सुरू होते. मूळ आकडा सांगणारी ओळ सर्व्हरच्या लॉगमध्ये राहते. वापरणाऱ्याच्या पडद्यावर फक्त ‘अवैध आर्ग्युमेंट’ पोहोचते. त्यापुढे डेटाबेस या २२ ला आपल्या पाच अक्षरी संकेतांच्या चौकटीत बसवू पाहतो. जागा संपणे, परवानगी नसणे, फाइल नसणे यांच्यासाठी त्या चौकटीत वेगळे संकेत आहेत, पण २२ साठी फाइलविषयक असा कोणताच नाही, म्हणून ‘एक्सएक्स०००’ हा अंतर्गत बिघाडाचा संकेत लागतो. एका साध्या फाइलनावातील दोष अशा प्रकारे दोन भाषांतरांनंतर डेटाबेसच्या पोटातील आजार म्हणून समोर येतो आणि शोध घेणारा माणूस निरोगी डेटाबेसवर उपचार सुरू करतो.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची रीत थोडी वेगळी आहे. तो ऑपरेटिंग सिस्टीमचा मूळ आकडा संदेशातच ठेवतो, आणि त्या आकड्याचा मजकूर त्याला मिळाला नाही तर ‘या त्रुटीचा मजकूर मिळवता आला नाही, कारण १५१०५’ असे जोडतो. वाचणाऱ्याची नजर साहजिकच १५१०५ वर जाते आणि कित्येक तास त्या आकड्याच्या शोधात जातात, वास्तविक तो आकडा केवळ मजकूर न मिळाल्याचा असून खरी त्रुटी त्याच्या आधी छापलेल्या लहान आकड्यात असते. तरीही दोन रीतींची तुलना करता एसक्यूएल सर्व्हरची रीत अधिक सरळ म्हणावी लागेल, कारण आपल्याला अर्थ माहीत नाही हे ती कबूल करते आणि पुरावा वाचणाऱ्याच्या हाती देते. न समजलेल्या गोष्टीला जवळचा वाटणारा चुकीचा शब्द देणे हे मौनापेक्षा अधिक नुकसान करणारे आहे.

मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत मोलाचा भाग फाइलींच्या नावांशी निगडित आहे आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकांत त्याला जवळजवळ जागा मिळत नाही. गावाच्या नावाने फाइल तयार करणारे फंक्शन घ्यावे. ‘लिंबागणेश’ हा शब्द युनिकोडमध्ये मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार धरून नऊ चिन्हांचा आहे. यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून नावाचे सत्तावीस बाइट होतात. विंडोजवर जुन्या पद्धतीने फाइल उघडणारा प्रोग्राम हे बाइट त्या संगणकाच्या कोडपेजनुसार, म्हणजे एका बाइटला एक अक्षर मानणाऱ्या जुन्या तक्त्यानुसार वाचतो. भारतातील इंग्रजी मांडणीच्या संगणकावर हा तक्ता पश्चिम युरोपीय लिपीचा असतो आणि मराठीसाठी तर विंडोजमध्ये असा स्वतंत्र तक्ता मुळातच नाही. परिणामी डेटाबेस सत्तावीस विचित्र अक्षरांच्या फाइलीचा शोध घेतो आणि २ हा आकडा परत येतो. फोल्डरमध्ये ‘लिंबागणेश’ नावाची फाइल डोळ्यांसमोर दिसत असताना पडदा मात्र ती नाही म्हणतो.

याच दोषाचे दुसरे रूप अधिक कठीण असते. डेटाबेसला मार्ग पाठवणारा प्रोग्रामच जुना असेल, तर तो देवनागरीचे जे चिन्ह आपल्या तक्त्यात सापडत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतो आणि ‘लिंबागणेश’च्या जागी नऊ प्रश्नचिन्हे पुढे जातात. विंडोजला फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून ती १२३ हा आकडा देते, ज्याचा अर्थ नावाची रचना चुकीची आहे. पोस्टग्रेसच्या जुन्या आवृत्त्यांच्या कोष्टकात १२३ नव्हता; त्यामुळे लॉगमध्ये अनोळखी त्रुटी, पडद्यावर अवैध आर्ग्युमेंट आणि संकेतात अंतर्गत बिघाड अशी वर सांगितलेली सगळी साखळी उभी राहते. तीच कृती ‘गाव१’ असे नाव रोमन लिपीत दिल्यावर सुरळीत चालते आणि मग मराठी नावे वापरूच नयेत असा सोपा निष्कर्ष काढला जातो. तो निष्कर्ष चुकीचा आहे. दोष लिपीचा नाही; दोन स्तरांनी एकच बाइट वेगवेगळ्या तक्त्यांनुसार वाचल्याचा आहे, आणि सर्व स्तर युनिकोडवर आणले की तो नाहीसा होतो.

फाइल न सापडण्याची आणखी दोन कारणे थोडक्यात नोंदवणे पुरेसे आहे. डेटाबेसचे फंक्शन सर्व्हरवर चालते, वापरणाऱ्याच्या लॅपटॉपवर नव्हे. त्यामुळे गावातील लॅपटॉपवरच्या फोल्डरचा मार्ग फंक्शनला दिला तर दूरवरचा सर्व्हर तो स्वतःच्या डिस्कवर शोधतो आणि रिकाम्या हाताने परततो. सर्व्हर त्याच खोलीत असला, तरी डेटाबेस हा लॉगिन केलेल्या माणसाच्या नावाने चालत नाही, स्वतःच्या वेगळ्या सेवा-खात्याने चालतो. त्या खात्याला माणसाने जोडलेला नेटवर्क-ड्राइव्ह दिसत नाही आणि त्याच्या फोल्डरची परवानगीही नसते. फाइल आहे की नाही हा प्रश्न म्हणूनच अपुरा असतो. ती कोणत्या यंत्रावर आहे आणि कोणत्या खात्याला दिसते, असे विचारावे लागते.

विंडोजवरील ३२ हा आकडा दुसऱ्या प्रोग्रामने फाइल अडवून धरल्याचा आहे. अँटिव्हायरस किंवा बॅकअपचा प्रोग्राम डेटाबेसच्या फाइली तपासायला घेतो, तेवढ्या वेळात डेटाबेसला ती फाइल उघडता येत नाही. पोस्टग्रेसमध्ये अशा वेळी तीस सेकंदांपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्याची सोय असून काही सेकंदांनंतर लॉगमध्ये अँटिव्हायरस किंवा बॅकअपचा संशय घ्यावा अशी स्पष्ट सूचनाही लिहिली जाते. कोड लिहिणाऱ्यांनी पुढच्या माणसाची आठवण ठेवल्याचे हे उत्तम उदाहरण आहे. अडथळा तीस सेकंदांत दूर झाला तर कोणालाच काही कळत नाही, फक्त काम संथ झाल्यासारखे वाटते. म्हणून दुपारी ठरावीक वेळी मंद होणाऱ्या यंत्रणेचा लॉग वाचणे उपयोगी ठरते.

आतापर्यंतचा दोष खालच्या स्तरांचा होता. सर्वांत मोठी हानी मात्र फंक्शन लिहिणाऱ्याच्या हातून होते. पोस्टग्रेसच्या फंक्शनमध्ये त्रुटी झेलण्यासाठी एक विभाग लिहिता येतो आणि त्यात ‘इतर कोणतीही त्रुटी आल्यास’ असे एकच कलम घालून ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ हा संदेश परत देण्याची सवय सर्वत्र आढळते. त्या एका ओळीने डिस्क भरल्याची, परवानगी नसल्याची आणि नाव चुकल्याची त्रुटी एकाच पोत्यात कोंबली जाते, व्यवहाराचा तो भाग मागे घेतला जातो आणि सर्व्हरच्या लॉगमध्येही खूण उरत नाही, कारण झेललेली त्रुटी आपोआप नोंदवली जात नाही. ‘सर्व्हर डाऊन’चा खरा कारखाना येथे आहे. वास्तविक त्याच विभागात पाच अक्षरी संकेत, मूळ मजकूर, तपशील आणि त्रुटी कोणत्या फंक्शनच्या कोणत्या ओळीवर आली याचा माग मिळवण्याची सोय पोस्टग्रेसने दिलेली आहे. चार ओळी अधिक लिहिल्या तर हे सारे एका तक्त्यात किंवा लॉगमध्ये उतरते.

परत आलेला आकडा ऐकला नाही किंवा चुकीच्या समजुतीने ऐकला, तर काय होते याचा जगाने घेतलेला सर्वांत गंभीर अनुभव २०१८ चा आहे. डेटाबेस लिहिलेला मजकूर डिस्कवर खरोखर पोहोचवण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीमला एफसिंक नावाची हाक मारतो. ही हाक फसली तर ती पुन्हा मारावी, न पोहोचलेली पाने ऑपरेटिंग सिस्टीमकडे तशीच थांबलेली असतील, अशी पोस्टग्रेसची सुमारे वीस वर्षांची समजूत होती. लिनक्सवर घडत होते वेगळेच : लिहिणे फसले की त्रुटी एकदा कळवली जाई, पाने मात्र लिहिली गेल्यासारखी मानली जात आणि दुसऱ्या हाकेला यशाचे उत्तर मिळे. तलाठ्याने फेरफार पक्का झाला का असे विचारावे, पहिल्यांदा नाही आणि दुसऱ्यांदा हो असे उत्तर यावे, आणि नोंदवहीत मधल्या काळात काहीच लिहिले गेलेले नसावे, असा हा प्रकार होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेसने आपली वागणूक बदलली. एफसिंक एकदा फसले की डेटाबेस आता स्वतःला तत्काळ बंद करतो आणि पुन्हा सुरू होताना बदलांच्या क्रमवार लॉगवरून सारे जुळवतो. काही मिनिटे खरोखर बंद असलेला सर्व्हर हा चुकीच्या नोंदीवर सुखाने चालणाऱ्या सर्व्हरपेक्षा नागरिकाच्या अधिक हिताचा आहे, हे मत त्या बदलामागे आहे आणि जमिनीच्या नोंदींच्या बाबतीत तर त्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

माग काढण्याची पद्धत या सर्वांतून आपोआप निघते. पडद्यावरील वाक्यावरून सुरुवात न करता, त्या क्षणाची नोंद सर्व्हरच्या लॉगमध्ये शोधून त्याच्या आधीच्या दोन-चार ओळी वाचाव्यात, कारण मूळ आकडा बहुधा तेथेच असतो. आकडा मिळाल्यावर तो कोणत्या यंत्रणेचा आहे हे ठरवून तिच्याच यादीत त्याचा अर्थ पाहावा. विंडोजवर ‘नेट हेल्पएमएसजी’ ही आज्ञा आणि मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसबरोबर येणारे ‘पीएरर’ हे साधन एका क्षणात तो सांगतात. आकडा लॉगमध्येही नसेल, तर डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टीमला मारत असलेल्या हाका बाहेरून पाहाव्या लागतात. त्यासाठी लिनक्सवर ‘एसट्रेस’ आणि विंडोजवर ‘प्रोसेस मॉनिटर’ ही साधने आहेत. तेच काम सेवा-खात्याच्या नावाने, फंक्शनच्या बाहेर, हाताने करून पाहिले तर डेटाबेस दोषी आहे की त्याखालची जमीन, हे एका प्रयोगात स्पष्ट होते. आणि लिनक्सवर आकडा ५ निघाला, तर पुढे कोणताही प्रयोग न करता आधी डेटाबेसची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी.

मराठवाड्याला अशा भाषांतरात हरवणाऱ्या खुणांचा अनुभव नवा नाही. हैदराबाद राज्याच्या काळातील जमिनीची सेतवार आणि खासरा पत्रके उर्दूतून मराठीत आली, एकत्रीकरणाच्या योजनेत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, नंतर हस्तलिखित उतारे संगणकावर टंकले गेले, आणि प्रत्येक टप्प्यावर एखादे नाव, एखादे क्षेत्र, एखादा हिस्सा सरकला. हे दोष शोधण्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झाले आणि लेखनातील चूक दुरुस्त करण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १५५ आहेच. त्या दुरुस्त्या शक्य झाल्या त्या एकाच कारणाने : जुना नंबर कोठेतरी लिहून ठेवलेला होता. जेथे जुना नंबर जपला गेला नाही, तेथे शेतकऱ्याला आपल्याच जमिनीसाठी तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

शासकीय असो की खासगी, नोंदींच्या यंत्रणेसाठी फंक्शन लिहिणाऱ्या प्रत्येकाला म्हणूनच एक विनंती आहे. वापरणाऱ्याला मराठीत सोपा संदेश अवश्य द्यावा, पण त्याच्याखाली ऑपरेटिंग सिस्टीमचा मूळ आकडा, डेटाबेसचा संकेत आणि तारीख-वेळ छापावी, म्हणजे लिंबागणेशमध्ये उतारा देणाऱ्या केंद्रातून परत फिरणाऱ्या माणसाच्या हातात चिठ्ठीवर लिहिता येईल असे काहीतरी राहील आणि ती चिठ्ठी वाचणाऱ्या अभियंत्याला लॉगमधली नेमकी ओळ सापडेल.